हक्क शाबूत, दाद बंद

अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्याला मुलाखतीत नागरिकशास्त्राचे प्रश्न विचारले जातात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत या प्रश्नांची घोकंपट्टी झालेली आहे. त्यांतला एक प्रश्न असा: कायद्याचे राज्य म्हणजे काय? सरकारनेही कायदा पाळला पाहिजे, एवढे सांगितले तरी उत्तर बरोबर धरले जाते. पण सरकारने तो पाळला नाही तर नागरिकाने कुणाच्या दारात जायचे? आजच्या अमेरिकी नागरिकाने सर्वांत आधी विचारायला हवा तो हा प्रश्न, आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याचे उत्तर सतत आक्रसत गेले आहे.

१५ डिसेंबर १७९१ रोजी अमेरिकी घटनेला पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. भाषणाचे, धर्माचे, सभेचे स्वातंत्र्य त्यांत आहे. चौथ्या दुरुस्तीत माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून अभय दिले आहे. यातला एक शब्दही आजवर कुणी वगळलेला नाही, आणि वगळण्याची कुणाला गरजही पडलेली नाही. हक्क मोडला गेल्यावर न्यायालयात उभे राहण्याची वाट अरुंद केली, की हक्काला हात न लावताही काम भागते. हे घडते ते दावा करण्यास पात्र कोण, अधिकाऱ्याला संरक्षण किती, भरपाई कुठल्या कायद्याखाली, अशा रुक्ष वकिली मुद्द्यांवर. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते क्वचितच येते. म्हणूनच ते धोक्याचे आहे.

अटलांटामधले एक प्रकरण घेऊ. ऑक्टोबर २०१७ मध्ये एका पहाटे, उजाडायच्या आत, एफबीआयच्या सशस्त्र स्वॉट पथकाने एका घराचा दरवाजा फोडला आणि आत फ्लॅश-बँग, म्हणजे कानठळ्या बसवणारा आणि डोळे दिपवणारा बाँब, फेकला. घरात एक बाई, तिचा जोडीदार आणि तिचा सात वर्षांचा मुलगा होता. मोठी दोघे कपड्यांच्या खोलीत लपली. पुरुषाला तिथून ओढून काढून बेड्या घातल्या, बाईवर बंदूक रोखली; ती मुलाकडे जाऊ द्या म्हणून विनवत राहिली. तेवढ्यात घरातल्या एका टपालावरचा पत्ता अधिकाऱ्याच्या नजरेस पडला. घर चुकले होते. टोळीतल्या ज्या संशयितासाठी पथक निघाले होते, तो जवळच्याच दुसऱ्या गल्लीत राहत होता. पथकाच्या प्रमुखाने नंतर परत येऊन माफी मागितली, वरिष्ठाचे कार्ड ठेवले. फुटलेला दरवाजा आणि हादरलेले मूल त्या कुटुंबाच्या पदरी पडले.

सरकारने भरपाई दिली नाही, म्हणून कुटुंब न्यायालयात गेले. जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, वरच्या न्यायालयाने तेच केले. १२ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो पुन्हा जिवंत केला. पण जिवंत केला म्हणजे एवढेच, की खालच्या न्यायालयाने चुकीचा निकष लावला, त्याने फेरविचार करावा. दरवाजा फुटल्याला तोवर साडेसात वर्षे उलटली होती आणि भरपाईचा एक डॉलरही ठरलेला नव्हता. घर चुकले हे सरकारला मान्य होते. मुद्दा फक्त एवढाच होता की चुकीबद्दल कुणाला जाब विचारता येतो का.

यात एक गोष्ट मला विशेष बोचते. सरकारच्या नोकरांच्या चुकीबद्दल सरकारवर दावा करता यावा, म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९४६ मध्ये फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट केला. त्याच्या आदल्या वर्षी लष्कराचे एक बाँबर विमान धुक्यात न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळून चौदा माणसे मेली होती, आणि मृतांच्या घरच्यांना सरकारकडून हक्काने काही मागता येत नव्हते. या कायद्यात पोलिसी बळजबरीला मात्र वगळले होते. मग १९७३ मध्ये इलिनॉय राज्यातल्या कॉलिन्सव्हिल गावी अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांनी चुकीच्या घरांत घुसून निरपराध कुटुंबांना धाकात धरले. देशभर संताप उसळला आणि १९७४ मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त केला. चुकीच्या घरात घुसलेल्या पोलिसांच्या बळींसाठीच केलेली ही दुरुस्ती होती. तरीही त्याच प्रकारच्या कुटुंबाला २०१७ नंतर या न्यायालयातून त्या न्यायालयात हेलपाटे घालावे लागले, कारण अधिकाऱ्याने 'विवेकाधिकारात' केलेल्या कृतीला याच कायद्यात सूट आहे. घर शोधण्याची पद्धत हाही विवेकाधिकार, असे सरकारचे म्हणणे.

या कायद्याखालचा दावा करायचा तर घटनेनंतर दोन वर्षांच्या आत संबंधित खात्याकडे लेखी मागणी करावी लागते, आणि तीत नेमकी रक्कम लिहावी लागते. खात्याने नकार दिला, की तेव्हापासून सहा महिन्यांच्या आत न्यायालय गाठायचे. तिथे ज्यूरी नसते आणि अद्दल घडवणारा दंडही मागता येत नाही. मुदत हुकली की हक्क कितीही पवित्र असो, प्रकरण संपले. मुळात हा दावा हलगर्जीपणाचा किंवा मारहाणीचा, साध्या दिवाणी चुकीचा असतो. घटनेतला माझा हक्क मोडला, हे त्या दाव्यात म्हणताच येत नाही.

मग घटनेचा भंग झाला असे म्हणून केंद्रीय अधिकाऱ्याला कोर्टात खेचता येते का? १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला होय असे उत्तर दिले होते. १९६५ च्या नोव्हेंबरात ब्रुकलिनमध्ये वेब्स्टर बिव्हन्स यांच्या घरात सहा अमली पदार्थविरोधी अधिकारी वॉरंटशिवाय घुसले, बायकामुलांसमोर त्यांना बेड्या घातल्या आणि घर उलथेपालथे केले. बिव्हन्स यांनी प्रत्येक अधिकाऱ्याकडून पंधरा हजार डॉलर मागितले. अशा दाव्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नव्हती. तरी न्यायालय म्हणाले की चौथी दुरुस्ती आहे, ती मोडली गेली आहे, तर भरपाई मागता आलीच पाहिजे. न्यायमूर्ती हार्लन यांनी वेगळ्या निकालपत्रात सांगितले की बिव्हन्स यांच्या जागी असलेल्याला एक तर भरपाई मिळेल, नाही तर काहीच मिळणार नाही. माणूस निरपराध असेल, त्याच्यावर खटलाच झाला नसेल, तर बेकायदा पुरावा फेटाळा म्हणण्याची संधीही त्याला मिळत नाही.

१९७९ आणि १९८० मध्ये आणखी दोन प्रकरणांत हा मार्ग मोकळा झाला, आणि तिथेच थांबला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने एकाही नव्या प्रकारच्या प्रकरणात तो लागू केलेला नाही. शेवटचा खिळा २०२२ मध्ये बसला. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लेन गावी, कॅनडाच्या सीमेला अगदी लागून, रॉबर्ट बूल हे अमेरिकी नागरिक एक छोटी खानावळवजा सराई चालवत. २०१४ मध्ये एक सीमा अधिकारी त्यांच्या आवारात आला. तुर्कस्तानहून आलेल्या एका पाहुण्याची त्याला चौकशी करायची होती. बूल यांनी निघून जायला सांगितल्यावर त्याने आपल्याला गाडीवर आणि मग जमिनीवर आपटले, आणि तक्रार केल्यावर प्राप्तिकर खात्यासह वेगवेगळी खाती आपल्या मागे लावली, असे बूल यांचे म्हणणे. न्यायालयाने बळाच्या मुद्द्यावर ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की हा दावा चालणारच नाही. सीमेचा संबंध आला म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आला, आणि भरपाईचा मार्ग काढणे काँग्रेसचे काम, न्यायालयाचे नव्हे. सीमा खात्याची अंतर्गत तक्रार यंत्रणा पुरेशी आहे, असेही न्यायालयाने धरले. त्या यंत्रणेत तक्रारदाराला पुढे काही भूमिका नसते. मारहाण खरी झाली की नाही, हे तपासण्यापर्यंत गाडी पोचलीच नाही.

बहुमताशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती गोर्सच यांनी एक प्रामाणिक गोष्ट लिहिली. बिव्हन्सचा निकाल नावापुरता जिवंत ठेवून लोकांना खोटी आशा दाखवण्यापेक्षा तो सरळ रद्द करावा, असे त्यांचे मत पडले. मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, पण त्यांचे निदान मुळापर्यंत पोचते. नावापुरता उरलेला उपाय उघडपणे नाकारलेल्या उपायापेक्षा वाईट असतो, कारण नागरिक त्याच्या भरवशावर राहतो.

राज्यांच्या आणि शहरांच्या पोलिसांबाबत स्थिती थोडी बरी आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लानने कृष्णवर्णीयांवर दहशत बसवली, स्थानिक पोलीस आणि न्यायालये डोळे मिटून बसली, तेव्हा १८७१ मध्ये काँग्रेसने कायदा केला: राज्याच्या अधिकाराचा वापर करून कुणी घटनादत्त हक्क मोडला, तर त्याच्यावर केंद्रीय न्यायालयात दावा करता येईल. नव्वद वर्षे हा कायदा जवळपास झोपलेला राहिला. १९५८ च्या ऑक्टोबरात शिकागोत तेरा पोलीस पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात घुसले, आईबापांना आणि सहा मुलांना दिवाणखान्यात उभे केले, आईबापांच्या अंगावर कपडाही नव्हता. त्या प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याला खऱ्या अर्थाने जाग आणली.

आणि सहा वर्षांतच त्याला वेसण घातली. १९६७ पासून न्यायालयाने 'क्वालिफाइड इम्युनिटी' नावाचे संरक्षण उभे केले आणि १९८२ मध्ये त्याला आजचे रूप दिले. कायद्यात या संरक्षणाचा उल्लेखही नाही. नियम असा की अधिकाऱ्याने हक्क मोडला असला, तरी तसेच कृत्य घटनाबाह्य असल्याचे आधीच्या निकालांतून 'स्पष्टपणे प्रस्थापित' झालेले नसेल, तर तो भरपाईतून सुटतो. याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात दिसले. पोलिसांनी झडतीत १,५१,३८० डॉलर रोख आणि १,२५,००० डॉलरची दुर्मीळ नाणी उचलली, पण पावती दिली सुमारे ५०,००० डॉलरची. बाकीचे त्यांनी लाटले, असा मालकांचा आरोप होता. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला: पोलिसांना चोरी नैतिकदृष्ट्या चुकीची आहे हे कळायला हवे होते, पण वॉरंटखाली जप्त केलेल्या मालाची चोरी चौथ्या दुरुस्तीचा भंग ठरते, असे आधी कुठे प्रस्थापित झालेले नव्हते. दावा संपला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अपील ऐकायला नकार दिला. शिवाय पुढच्या वेळी तरी ते 'प्रस्थापित' झालेले असेल, अशीही खात्री नाही. हक्क मोडला की नाही हे न ठरवताच संरक्षण देण्याची मुभा २००९ पासून न्यायालयांना आहे.

या संरक्षणाच्या बाजूचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोलिसाला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. प्रत्येक निर्णयापोटी घरदार विकावे लागण्याची भीती असेल, तर चांगली माणसे या नोकरीत येणार नाहीत. मुद्दा रास्त आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. कायद्याच्या अभ्यासक जोआना श्वार्ट्झ यांनी २००६ ते २०११ या काळातील देशभरच्या पोलीस दलांच्या नोंदी तपासल्या. पोलिसांच्या गैरवर्तनापोटी दिल्या गेलेल्या रकमेतला ०.०२ टक्का भाग अधिकाऱ्यांच्या खिशातून गेला होता. बाकी जवळजवळ सगळा शहरांनी आणि सरकारांनी भरला. तेव्हा या संरक्षणाने शिपायाचे घर वाचते असे नाही. वाचते ती संस्था, आणि तिला सुधारण्याचे जे कारण मिळाले असते, तेही त्याच झटक्यात नाहीसे होते.

भरपाई झाल्या गोष्टीची असते. होऊ घातलेल्या गोष्टीसाठी मनाई हुकूम मागतात. तिथली कहाणी माझ्या मते आणखी गंभीर आहे.

६ ऑक्टोबर १९७६ रोजी पहाटे दोनच्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ॲडॉल्फ लायन्स या चोवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसांनी थांबवली. गाडीचा मागचा एक दिवा बंद होता. पिस्तुले रोखून त्याला खाली उतरवले, हात डोक्यावर ठेवायला लावले. हातातल्या किल्ल्या टोचत आहेत असे तो म्हणाला, तेव्हा एका पोलिसाने मागून त्याच्या गळ्याला विळखा घातला आणि तो बेशुद्ध होईपर्यंत आवळला. शुद्धीवर आला तेव्हा तो जमिनीवर पडला होता, तोंडातून रक्त आणि माती थुंकत होता, कपड्यांत मलमूत्र झाले होते, स्वरयंत्राला इजा झाली होती. पोलिसांनी त्याच्या हातात दिव्याच्या दंडाची पावती ठेवली आणि त्याला जाऊ दिले. जीव धोक्यात नसताना पोलिसांनी हा विळखा वापरू नये, असा मनाई हुकूम लायन्सने मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत या विळख्यांनी त्या शहरात सोळा जीव गेले होते. १९८३ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की लायन्सला हा हुकूम मागण्याचाच अधिकार नाही, कारण पोलीस पुन्हा त्यालाच अडवतील आणि पुन्हा त्याचाच गळा आवळतील, हे तो दाखवू शकत नाही. झाल्या इजेची भरपाई त्याने खुशाल मागावी.

आता चार दशके पुढे या. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच लॉस एंजेलिस परिसरात इमिग्रेशन अधिकारी रस्त्यांवर, गाडी धुण्याच्या केंद्रांवर, मजुरांच्या नाक्यांवर लोकांना अडवू लागले. अडवलेल्यांत अमेरिकी नागरिकही होते, आणि दावा करणाऱ्यांतही. केवळ वंश, भाषा किंवा बोलण्याचा हेल, उभे असल्याचे ठिकाण आणि कामाचे स्वरूप एवढ्यावरून कुणाला अडवू नका, असा आदेश जिल्हा न्यायालयाने जुलैत दिला. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बहुमताने कारण दिले नाही. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतःचे कारण लिहिले, आणि त्यात लायन्सचा निकाल पुढे केला: याच लोकांना पुन्हा अडवले जाईल असे सिद्ध होत नाही. अतिरेकी बळ वापरले गेले असेल तर त्यासाठी केंद्रीय न्यायालयात उपाय उपलब्ध असावेत, असेही ते म्हणाले.

कुठले उपाय? इमिग्रेशन अधिकारी केंद्राचे. १८७१ चा कायदा राज्यांच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. बिव्हन्सचा मार्ग सीमा अधिकाऱ्यांबाबत २०२२ मध्येच बुजवला गेला, आणि त्या निकालातल्या सहा मतांत कॅव्हनॉ यांचे मत होते. केंद्रीय अधिकाऱ्यावर राज्याच्या सामान्य कायद्याखाली दावा करावा, तर १९८८ च्या वेस्टफॉल ॲक्टने अधिकाऱ्याला त्यातूनही मोकळे केले. उरतो तो १९४६ चा कायदा, त्याच्या दोन वर्षांच्या मुदतीसकट आणि विवेकाधिकाराच्या सुटीसकट. मनाई हुकूम मागायला गेले की भरपाई मागा म्हणतात, भरपाई मागायला गेले की ते काँग्रेसचे काम म्हणतात. एकेक निकाल सुटा वाचला तर प्रत्येकाला काही ना काही तर्क आहे. सगळे एकत्र ठेवले की नागरिकाच्या हातात काही उरत नाही. माझा इशारा आहे तो या एकत्रित परिणामाबद्दल.

हे एका पक्षाचे किंवा एका राष्ट्राध्यक्षाचे पाप नाही. वेस्टफॉल ॲक्ट रेगन यांच्या काळातला. ओबामांच्या काळात सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला, की परदेशी संभाषणांवरच्या पाळतीला आव्हान देणाऱ्या वकील-पत्रकारांना आपल्यावर पाळत आहे हे दाखवता येत नाही, म्हणून त्यांना दावा करता येणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केले. पाळत गुप्त, म्हणून पुरावा नाही; पुरावा नाही, म्हणून दावा नाही. चारच महिन्यांनी एडवर्ड स्नोडेन यांनी कागदपत्रे उघड केली, तेव्हा त्या पाळतीचा आवाका जगाला कळला. ज्या यंत्रणा एका सरकारने सोयीच्या म्हणून जपल्या, त्या पुढच्या सरकारला आयत्या मिळाल्या.

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा वाद मराठी कुटुंबांच्या अगदी घरातला आहे. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशात, आई एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील ना नागरिक ना ग्रीनकार्डधारक, अशा जोडप्याच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलालाही नागरिक मानायचे नाही असे होते. जन्माने नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीच्या शब्दांना आणि तेच सांगणाऱ्या १८९८ च्या वोंग किम आर्क निकालाला हे सरळ छेद देणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मुख्य प्रश्न होता तो उपायाचा: जिल्हा न्यायालय अशा आदेशाला देशभर रोखू शकते का? न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की दावा करणाऱ्यांना पुरेल तेवढेच संरक्षण द्या. जुलैत न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने समूह-दाव्याच्या वाटेने आदेश रोखला, म्हणून बाळांवर लगेच आफत आली नाही. पण त्या उन्हाळ्यात बाळंतपणाची वाट पाहणाऱ्या आईला आपल्या मुलाचा हक्क वकिलांनी कुठला फॉर्म भरला यावर अवलंबून आहे, हे कळून चुकले.

उपाय जिवंत असला की काय होते, याचा दाखला एका हिंदी माणसाच्याच प्रकरणात आहे. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवले की हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. निकालानंतर सरकारने आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्याचा सपाटा लावला, आणि पंडितांवरही दावा केला. ते लढले. मला नागरिकत्व देताना सरकारला हरकत घेण्याची संधी होती, अपिलाची संधी होती, त्याने ती वापरली नाही. आता झालेला निकाल उकरता येणार नाही, असे त्यांनी मांडले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील घेतले नाही. वंशद्वेषाने बरबटलेल्या त्या काळातही एक माणूस सरकारसमोर टिकला, कारण न्यायालयाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

याच्या उलट १९४२ मधली घटना. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांतले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. हा आदेश न पाळल्याबद्दल शिक्षा झालेल्या फ्रेड कोरेमात्सू यांचे अपील १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. त्यांची शिक्षा रद्द झाली १९८३ मध्ये. हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर आणि सरकारची माफी मिळाली ती १९८८ च्या कायद्याने. तो निकाल चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने नि:संदिग्ध शब्दांत लिहिले ते २०१८ मध्ये. कोरेमात्सू २००५ मध्येच वारले होते. अमेरिका अखेर चूक सुधारते, असे या उदाहरणावरून अभिमानाने सांगितले जाते. डांबले गेलेल्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्या 'अखेर'मध्ये त्यांचे आयुष्य सरले.

उपायाशिवाय हक्क ही कल्पना अमेरिकेच्या स्वतःच्या परंपरेतही बसत नाही. १८०३ च्या मार्बरी निकालात सरन्यायाधीश मार्शल यांनी लिहिले होते की हक्क मोडल्यावर कायदा उपाय देत नसेल, तर ते सरकार कायद्याचे सरकार म्हणवून घेण्यास पात्र राहणार नाही. पण ही गोष्ट घटनेच्या मजकुरात आली नाही, निकालपत्रात राहिली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि अमेरिकी घटना बारकाईने वाचलेल्या डॉ. आंबेडकरांनी ती उणीव आपल्याकडे राहू दिली नाही. हक्क बजावून घेण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क त्यांनी मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला. आज ते ३२ वे कलम आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी त्याला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. याच कलमाखाली १९८३ मध्ये, निर्दोष सुटूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडून भरपाई दिली. आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. आणीबाणीत हाच दरवाजा न्यायालयाने स्वतः लावून घेतला होता. पण दरवाजा घटनेत कोरलेला आहे, म्हणून तो पुन्हा उघडावा लागला.

अमेरिकेत निवडणूक हाच खरा उपाय, असे काही जण म्हणतात. बहुमताच्या धोरणाला तो लागू पडतो. पण घर चुकलेल्या पथकाची बळी ठरलेली बाई, दंडाची पावती घेऊन घरी गेलेला लायन्स, हेल ऐकून अडवलेला मजूर, यांच्यामागे बहुमत कधीच नसते. त्यांच्यासाठीच तर पहिल्या दहा दुरुस्त्या लिहिल्या गेल्या.

काही राज्ये जागी झाली आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये इलिनॉयने कायदा करून इमिग्रेशन कारवाईत घटनाभंग करणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्यावर राज्याच्या न्यायालयात दावा करण्याची वाट उघडली. केंद्राने त्याला विरोध केला आहे, आणि राज्याचा कायदा केंद्राच्या अधिकाऱ्यावर कितपत चालेल हा कठीण प्रश्न आहेच. खरा इलाज वॉशिंग्टनमध्ये आहे, आणि तो लांबलचकही नाही. १८७१ च्या कायद्यात राज्यांच्या अधिकाराखाली वागणाऱ्यांबरोबर केंद्राच्या अधिकाराखाली वागणाऱ्यांचाही समावेश करायचा, एवढी चार-पाच शब्दांची भर पुरेशी आहे. तसे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले गेले आहे, एकापेक्षा जास्त वेळा. ते मंजूर झालेले नाही. न्यायालय म्हणते हे काम काँग्रेसचे. तर मग काँग्रेसकडेच ते मागितले पाहिजे.

अमेरिकेत मतदानाचा हक्क मिळालेल्या मराठी वाचकांकडे म्हणूनच माझ्या दोन मागण्या आहेत. सरकारी अधिकाऱ्याच्या हातून तुमच्यावर किंवा शेजाऱ्यावर अन्याय झाला, तर तारीख, वेळ, ठिकाण त्याच दिवशी लिहून ठेवा आणि दोन वर्षांची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी वकील गाठा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एवढेच विचारा: केंद्रीय अधिकाऱ्याने माझा घटनादत्त हक्क मोडला, तर मला त्याच्यावर दावा करता यावा यासाठी तुम्ही मत देणार की नाही?